चौदाव्या दिवशी काय करायचं?

आपल्याकडे घरातलं माणूस गेलं की पुढे काय करायचं ते सगळं ठरलेलं असतं. त्या दिवशी घरात चूल पेटत नाही, शेजारून पिठलं-भात येतो. तिसऱ्या दिवशी सावडायला जायचं. दहाव्याला नदीवर पिंड ठेवून कावळ्याची वाट बघायची. बाराव्या-तेराव्याला नातेवाईक गोळा होतात, गोडाचं जेवण होतं. कुणी काय आणायचं, कुणी कुठे बसायचं, हे सगळं तोंडपाठ असलेली एखादी आजी प्रत्येक भावकीत असतेच. गावाप्रमाणे, जातीप्रमाणे रीत थोडी बदलते. मुस्लिम मैत्रिणीकडे चाळिसावा असतो, ख्रिस्ती मैत्रिणीकडे प्रार्थना असते. पण माणसांनी भरलेलं घर सगळीकडे सारखंच.

मग चौदावा दिवस उजाडतो. सतरंज्या मंडपवाल्याकडे परत जातात. नणंदा, जावा, भाचे आपापल्या गाडीला लागतात. मुलांच्या रजा संपलेल्या असतात. घरात उरतो आपण, भिंतीवरचा हार घातलेला फोटो आणि डब्यातली उरलेली बुंदी. त्या दिवशी काय करायचं, हे कुठल्याच पोथीत लिहिलेलं नाही. खरं दुःख मात्र त्याच दिवशी उंबरा ओलांडून आत येतं. तोवर त्याला बसायला जागाच नसते हो, घरात इतकी माणसं!

मैत्रिणींनो, आज मला या चौदाव्या दिवसाबद्दल आणि त्याच्या पुढच्या दिवसांबद्दल तुमच्याशी बोलायचं आहे.

सातारा जिल्ह्यातल्या एका तालुक्याच्या गावात आमचं वह्या-पुस्तकांचं दुकान आहे, शाळेच्या अगदी समोर. मागे घर, पुढे दुकान. मे २०१९ च्या शेवटच्या आठवड्यात माझे मिस्टर हार्ट अटॅकनं गेले. वय छप्पन्न. लग्नाला एकोणतीस वर्षं झाली होती. दुखणं नाही, खुपणं नाही. सकाळी पुण्याहून आलेल्या मालाचे गठ्ठे उतरवून घेतले, घामाघूम होऊन आत आले, पाणी मागितलं आणि... असो. ते सगळं इथे सांगत नाही. ज्या बाईवर असा प्रसंग आलाय तिला ते न सांगताच कळेल.

वह्या-पुस्तकांच्या धंद्यात सगळी कमाई जूनच्या पंधरा दिवसांत असते. यांनी अप्पा बळवंत चौकातल्या व्यापाऱ्यांकडून सव्वादोन लाखांचा माल उधारीवर भरला होता. तेरावा झाला तेव्हा शाळा उघडायला जेमतेम आठवडा होता. चौदाव्या दिवशी सकाळी मागच्या दाराशी पाचवीतली एक मुलगी आईबरोबर उभी. हातात वह्यांची यादी. "काकू, दुकान कधी उघडणार?" एवढंच तिनं विचारलं. आईनं तिला दटावलं, "गप गं!" आणि दोघी निघून गेल्या.

माझा मुलगा पुण्याला नोकरीला. तो म्हणाला, "आई, माल परत पाठवू, दुकान देऊन टाकू. तू आणि आजी माझ्याकडे चला." त्याचं चुकीचं नव्हतं. आमचे चुलत सासरे म्हणाले, "वर्ष होईपर्यंत बाईनं गल्ल्यावर बसू नये, लोक काय म्हणतील?" मला तर कशातच राम वाटत नव्हता. निर्णय दिला तो सासूबाईंनी. ऐंशीला टेकलेल्या. स्वतः १९८३ पासून विधवा. कोपऱ्यात भिंतीला टेकून बसल्या होत्या. म्हणाल्या, "अगं, उघड शटर. त्यानं एवढा माल भरलाय तो काय उंदरांसाठी?"

मी शटर उघडलं. धीर वगैरे आला होता म्हणून नाही. सांगणारीचा मुलगा गेला होता, मग मी कोण नाही म्हणणारी?

आत पाऊल टाकलं तर प्रत्येक खोक्यावर यांचं अक्षर. 'एकरेघी १०० पानी', 'दुरेघी', 'चौरेघी', 'चित्रकला मोठी'. निळ्या मार्करनं लिहिलेलं, शेवटच्या वेलांटीला जरा जास्तच वळण. 'चौरेघी'वर माझी नजर गेली आणि मी तिथेच खाली बसले. मग कुणीतरी हाक मारली, "वहिनी, खाकी कव्हर आहे का?" उठले, तोंड धुतलं, कव्हरचा रोल दिला. पुन्हा मागे गेले, पुन्हा रडले. पुन्हा कुणी आलं, पुन्हा बाहेर. असे पंधरा दिवस काढले. दिवसातून कितीदा रडले आणि कितीदा सुटे पैसे मोजले याचा हिशेब नाही.

मला वाटायचं, ही काय तऱ्हा? दुःख खरं असेल तर गिऱ्हाईकाशी भाव कसा काय बोलवतो? आणि सावरले असेन तर गठ्ठ्याआड जाऊन रडू का येतं? माझ्या भाचीनं मानसशास्त्रात एम.ए. केलंय. पुढे एकदा सुट्टीला आली तेव्हा तिला हे सांगितलं. ती म्हणाली, "मावशी, यालाच निरोगी दुःख म्हणतात." मार्गारेट स्ट्रोब आणि हेंक शुट या नेदरलँड्समधल्या दोन अभ्यासकांनी १९९९ मध्ये हेच मांडलं म्हणे. दुःखातलं माणूस झोपाळ्यासारखं दोन टोकांमध्ये हलत असतं. एका टोकाला गेलेल्याची आठवण, रडणं, तळमळ. दुसऱ्या टोकाला वीजबिल, स्वयंपाक, नवीन जबाबदाऱ्या. दोन्हीकडे जाणं गरजेचं. नुसतं रडत बसलेलं माणूस खचतं आणि नुसतं कामात बुडवून घेतलेल्याचं रडणं आत साचत जातं. झोका हलता राहिला पाहिजे.

तुम्ही कदाचित दुःखाच्या पाच पायऱ्यांबद्दल वाचलं असेल. नकार, राग, घासाघीस, नैराश्य आणि शेवटी स्वीकार. एलिझाबेथ क्युब्लर-रॉस या डॉक्टर बाईंनी १९६९ मध्ये त्या लिहिल्या. पण भाचीनं सांगितलेली गोष्ट मला फार महत्त्वाची वाटली. त्या पायऱ्या मुळात स्वतः मरणाच्या दारात असलेल्या रुग्णांशी बोलून लिहिलेल्या होत्या. मागे राहिलेल्यांना त्या नंतर लावल्या गेल्या. शिवाय त्या जिन्यासारख्या एकापुढे एक येतात असं काही नाही. राग आज येईल, दोन वर्षांनी परतही येईल. तेव्हा 'मी अजून तिसऱ्याच पायरीवर कशी?' असा जीवाला घोर लावून घेऊ नका. दुःखाला पास-नापास नसतं.

आता सासूबाईंचं सांगते. त्या काळात आम्ही एकाच घरात राहून एकमेकींना चुकवत होतो. मी रडले की त्या उठून तांदूळ निवडायला बसायच्या. मला वाटायचं, पोटचा पोर गेला तरी या इतक्या कोरड्या कशा? एके रात्री लाइट गेली होती. अंधारात त्या आपणहून बोलल्या. "मी त्याला नऊ महिने पोटात वागवला. तू एकोणतीस वर्षं संसारात. दोघींचं वेगळं गं. तुला रडू येतं, माझं रडू तो बाप गेला तेव्हाच संपलं. मला झोप येत नाही." त्या रात्रीपासून मी त्यांच्या खोलीत झोपायला लागले.

एका घरात एकच माणूस जातं, पण प्रत्येकीचं वेगळं कुणीतरी गेलेलं असतं. बायकोचा नवरा, आईचा मुलगा, बहिणीचा पाठीराखा. आपल्याकडे सगळे भेटायला येतात ते बायकोला. म्हाताऱ्या आईपाशी कुणी पाच मिनिटं बसत नाही. सासू-सुनांमध्ये तर अशा वेळी 'माझं दुःख मोठं की तुझं' असं उगाचच सुरू होतं. त्यापेक्षा एकमेकींना एवढंच विचारा, रात्री झोप लागली का? जेवण गेलं का?

पूर्वीच्या बायका दुःख कुठे नेऊन ठेवत असतील? मला वाटतं, जात्यावर. पहाटेच्या अंधारात, सगळं घर झोपलेलं असताना, समोर बसलेल्या जावेला किंवा नुसत्या जात्याला त्या सगळं सांगायच्या. माहेरची आठवण, नवऱ्याचं मरण, लेकराचं जाणं. हेमा राईरकर आणि गी पॉइतव्हँ या दोघांनी आपल्या सहकाऱ्यांबरोबर महाराष्ट्रातल्या खेडोपाडी फिरून अशा एक लाखाहून जास्त ओव्या गोळा केल्या. एक लाख! म्हणजे आपल्या आज्या-पणज्यांनी गप्प बसून सोसलं असं जे आपण म्हणतो ते तितकंसं खरं नाही. त्या बोलत होत्या. ऐकायला जातं होतं, नदीवरचा धुण्याचा दगड होता, पाणवठा होता. आता दळण गिरणीत जातं, कपडे मशीनमध्ये, पाणी नळाला. कष्ट कमी झाले ते चांगलंच झालं. पण ती बोलायची जागाही गेली. ती आपली आपण शोधावी लागते.

माझ्यासाठी ती जागा होती मंगळवारची पालेभाजी. आमच्या मागच्या गल्लीतल्या एक काकू दर मंगळवारी बाजारातून मेथी किंवा तांदुळजा घेऊन यायच्या आणि "चल, निवडू" म्हणून समोर बसायच्या. उपदेश नाही, विचारपूस नाही. एक जुडी निवडून होईपर्यंत कधी मी बोलायची, कधी दोघी गप्प. सहा महिने त्यांनी एकही मंगळवार चुकवला नाही. मला त्यांनी काय सांगितलं असं कुणी विचारलं तर काहीच आठवत नाही. त्या यायच्या, एवढंच आठवतं.

नाहीतर बोलणारे कमी होते का? "देवाला आवडला तो." (मला पण आवडत होते की!) "काळ हेच औषध." "रडू नकोस, त्यांच्या आत्म्याला त्रास होतो." "मुलाकडे बघून दिवस काढ." "निदान हाल तरी झाले नाहीत." हे बोलणारी माणसं मनानं वाईट नसतात. समोरचं रडणं त्यांना सहन होत नाही, म्हणून काहीतरी बोलून ती शांतता भरून काढतात. पण ऐकणारीला वाटतं, आपलं रडणं आवरतं घ्यावं, लोकांना अवघड होतंय.

त्यापेक्षा "मला काय बोलावं कळत नाहीये, पण मी आलेय" एवढं म्हटलं तरी पुष्कळ. 'काही लागलं तर सांग' असंही म्हणू नका. दुःखातल्या बाईला काय लागतंय ते तिचं तिलाच कळत नसतं, मग ती सांगणार काय? सरळ म्हणा, "उद्या गॅस सिलिंडरचा नंबर मी लावते." "गुरुवारी डबा मी पाठवते." आणि गेलेल्या माणसाचं नाव घ्यायला घाबरू नका. दोन-तीन महिन्यांनी सगळेजण यांचं नावच टाळायला लागले. मला दुःख होऊ नये म्हणून. जणू आठवण करून दिली नाही तर मला आठवणार नव्हतं!

आणि एक गंमत सांगू? हे गेल्यावर मला सगळ्यात जास्त दिलासा दिला तो यांच्या उधारीच्या वहीनं. जाड लाल कापडी बांधणीची वही. त्यात कुणाकडून किती येणं ते लिहिलेलं. मी वसुलीला गेले नाही. लोकच येऊ लागले. एक वीटभट्टीवरचा माणूस तीनशे चाळीस रुपये घेऊन आला. वही उलटसुलट चाळली, त्याचं नावच नाही. म्हटलं, "दादा, तुमचं काही लिहिलेलं दिसत नाही." तो म्हणाला, "भाऊंनी लिहिलंच नव्हतं. पोरीच्या दहावीची पुस्तकं दिली आणि म्हणाले, जमेल तेव्हा दे." असे तीन-चार जण आले. एकोणतीस वर्षं ज्या माणसाबरोबर काढली त्याची एक बाजू मला तो गेल्यावर कळली. रडले, पण त्या दिवशी पहिल्यांदा रडताना बरं वाटलं.

त्या वहीची मागची बरीच पानं कोरी होती. मी तिथे लिहायला सुरुवात केली. मोठं काही नाही. आज कोण आलं, यांच्याबद्दल काय सांगितलं, यांना कोणती भाजी आवडायची, आमचं पहिलं भांडण कशावरून झालं. कधी चार ओळी, कधी पानभर. भाची म्हणते, यालाही शास्त्रात आधार आहे. पूर्वी तज्ज्ञ सांगायचे की गेलेल्या माणसातून मन काढून घ्यायला शिका. १९९० नंतर हे मत बदलत गेलं. नातं तोडावं लागत नाही, त्याचं रूप बदलतं, असं आता मानतात. आपल्याला हे नवीन नाही म्हणा. पितृपंधरवड्यात आपण गेलेल्या माणसाच्या आवडीचं करतो, पान वाढतो, ते आणखी कशासाठी?

आपल्या मराठीत तर नवऱ्याला 'हे' म्हणायची रीत आहे. 'हे' म्हणजे जवळचे, समोर असलेले. हे गेल्यावर एक बाई मला म्हणाल्या, "आता 'ते' म्हणायची सवय कर." मी नाही केली. या लेखातही बघा, 'हे'च लिहिलंय.

दुकानाच्या मागच्या कपाटात जुनी पुस्तकं पडलेली असायची. दुपारी गिऱ्हाईक नसताना मी ती वाचायला घेतली. लक्ष्मीबाई टिळकांची 'स्मृतिचित्रे' तेव्हा पहिल्यांदा पूर्ण वाचली. त्यांचे यजमान, कवी नारायण वामन टिळक, १९१९ मध्ये गेले. लक्ष्मीबाईंचं शाळेतलं शिक्षण नव्हतंच. टिळकांच्या आठवणी सांगता सांगता पुढे त्यांच्या हातून हे पुस्तक झालं आणि १९३४ पासून त्याचे भाग छापून येऊ लागले. त्यात इतकं सोसलेलं आहे, तरी पानापानावर हसू येतं. टिळकांचं अपुरं राहिलेलं 'ख्रिस्तायन'ही त्यांनी पुढे लिहिलं. रमाबाई रानडे यांचंही तसंच. न्यायमूर्ती रानडे १९०१ मध्ये गेले. त्यानंतर १९०९ मध्ये पुण्यात सेवासदन उभं राहिलं त्यात रमाबाई पुढे होत्या, आणि 'आमच्या आयुष्यातील काही आठवणी' हे त्यांचं पुस्तक १९१० चं. त्या थोर बायका, आपण कुठे! पण आठवणी लिहिणं आणि गेलेल्याचं राहिलेलं काम थोडं पुढे नेणं, एवढं तर आपल्याही हातात आहे. मग ते पुस्तक असो, दुकान असो, नाहीतर परसातलं कढीपत्त्याचं झाड असो.

आता जरा अवघड विषय. माझं कुंकू दहाव्याला पुसलं गेलं, बांगड्या काढल्या गेल्या. कुणी जबरदस्ती केली नाही, पण कुणी थांबवलंही नाही. एका माणसाच्या जाण्यानं आधीच मोडलेली बाई, तिच्या अंगावरून आणखी काही काढून घ्यायचं म्हणजे काय, हा प्रश्न तेव्हा विचारण्याचं त्राण कुणाला असतं? पुढे ४ मे २०२२ ला कोल्हापूर जिल्ह्यातल्या हेरवाड गावच्या ग्रामपंचायतीनं ठराव केला. नवरा गेल्यावर बायकोचं कुंकू पुसणं, बांगड्या फोडणं, मंगळसूत्र तोडणं, जोडवी काढणं, या प्रथा गावात बंद. राजर्षी शाहू महाराजांच्या स्मृतिशताब्दीचं ते वर्ष. त्याच महिन्यात राज्य सरकारनं परिपत्रक काढून इतर ग्रामपंचायतींनाही तसं आवाहन केलं. ही बातमी मी सासूबाईंना वाचून दाखवली. त्या काही बोलल्या नाहीत. संध्याकाळी म्हणाल्या, "ते परत वाच बरं." दोनदा वाचून घेतलं. मग म्हणाल्या, "एका गावानं केलं म्हणजे होतंय की."

पुढच्या संक्रांतीला मंगळवारच्या त्याच काकू आम्हा दोघींना हळदीकुंकवाला बोलवायला आल्या. सासूबाई चाळीस वर्षांनी हळदीकुंकवाला गेल्या. कुंकू लावून घेतलं नाही, हळद लावून घेतली आणि वाणाची वाटी घट्ट धरून घरी आल्या. ज्यांना कुंकू लावायचं नाही त्यांनी लावू नये. पण ते तिचं तिनं ठरवावं, इतकंच माझं म्हणणं आहे.

मनाचं झालं, आता कागदांचंही बोलायला हवं. कारण दुःखातल्या बाईला निम्मा त्रास कागदांचा होतो. मला एका बँकेनं एकेका कागदासाठी पाच हेलपाटे घालायला लावले. तेव्हा जे शिकले ते सांगते. मृत्यूची नोंद २१ दिवसांच्या आत करून घ्या आणि दाखल्याच्या आठ-दहा प्रती काढून ठेवा, जागोजागी लागतात. 'नॉमिनी' म्हणजे मालक नव्हे, तो पैसे ताब्यात घेऊन वारसांना देणारा, हे लक्षात ठेवा. हिंदू वारसा कायदा १९५६ चा आहे. मृत्युपत्र नसेल तर नवऱ्याच्या मिळकतीत बायको, मुलगे, मुली आणि नवऱ्याची आई यांचा सारखा वाटा असतो. जमीन असेल तर सातबाऱ्यावर वारस नोंद करून घ्या. आणि एक अगदी कळकळीनं सांगते. पहिल्या काही महिन्यांत कुणी 'नुसती सही कर' म्हणून हक्कसोडपत्र पुढे केलं तर करू नका. "वाचून, विचारून मग सांगते" म्हणा. माणूस कितीही जवळचा असो. परिस्थिती बेताची असेल तर तहसील कार्यालयात संजय गांधी निराधार अनुदान योजनेची चौकशी जरूर करा. तो हक्क आहे, भीक नाही.

कधी कधी मात्र एवढ्यानं भागत नाही. महिने उलटतात, पण बाई अंघोळीला उठत नाही, खात नाही, झोपत नाही, गेलेल्या माणसाच्या मागे जायची भाषा करते. अशा दीर्घकाळ न हटणाऱ्या दुःखाला जागतिक आरोग्य संघटनेनं आजारांच्या यादीत वेगळं स्थान दिलंय, ती यादी २०२२ पासून लागू झाली. तिथे निदान सहा महिन्यांची मुदत धरली आहे. अमेरिकेतल्या मानसोपचार तज्ज्ञांच्या पुस्तकात मोठ्या माणसांसाठी एक वर्ष धरतात. म्हणजे सहा महिन्यांनी डोळ्यांत पाणी आलं की आजार झाला असं मुळीच नाही! पण रोजचं जगणंच थांबलं असेल तर मदत घ्यायला लाजायचं कारण नाही. आणि जीव नकोसा झाल्याचं कुणी बोललं तर महिने मोजत बसू नका, त्याच दिवशी हालचाल करा. सरकारची 'टेलिमानस' ही हेल्पलाइन ऑक्टोबर २०२२ मध्ये सुरू झाली. नंबर १४४१६. फोन फुकट, दिवसरात्र चालू, मराठीतही बोलता येतं. आपल्याला गरज नसेल, तरी नंबर कॅलेंडरवर लिहून ठेवा. कुणाच्या तरी उपयोगी पडेल.

माझं आता कसं चाललंय, असं विचाराल. दुकान चालू आहे. व्यापाऱ्यांची देणी त्याच वर्षी दिवाळीपर्यंत फिटली. नंतर करोनात शाळाच बंद पडल्या, तेव्हा वाटलं आता संपलं. पण तेही गेलं. मुलगा अजून "पुण्याला ये" म्हणतो आणि मी अजून "बघू" म्हणते. सासूबाई दुपारी गल्ल्यापाशी खुर्ची टाकून बसतात आणि पोरांना पेन्सिलीबरोबर एक गोळी फुकट देतात, त्यामुळे आमचा नफा किती होत असेल ते विचारू नका! दुःख गेलं का? नाही. मे महिन्यात मालाचे गठ्ठे उतरायला लागले की अजून पोटात खड्डा पडतो. फरक एवढाच की पूर्वी दिवसभर तेच असायचं, आता दिवसात इतरही पुष्कळ असतं.

तुमच्या ओळखीत नुकतंच कुणी गेलं असेल, तर तेराव्याला जाणं झालं नाही म्हणून हळहळू नका. तेव्हा घरात माणसं असतात. चौदाव्या दिवशी जा. पंधरा दिवसांनी परत जा. जाताना हार-नारळ नको, मेथीची एक जुडी न्या. आणि तुम्हीच त्या घरातल्या असाल, तर आज एवढंच करा. दोन घास जेवा, दाराला लागलेली आतली कडी काढा आणि दार नुसतं लोटून ठेवा. कुणीतरी येईल.